शेलार सर आणि शिमग्यातला बॉयलर

शिमग्याच्या पालख्या गावोगाव नाचत असतात, नेमक्या त्याच आठवड्यात मी कारखान्याच्या बॉयलरची वार्षिक दुरुस्ती लावली.

हे वाचून जो लगेच हसला तो कोकणातला. मी सोलापूरचा. आमच्याकडं होळी पेटवायची, पोटभर बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून कामावर हजर व्हायचं. महाड-पोलादपूरकडं शिमगा असा उरकत नाही. ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते, वाडीवाडीतून घरोघर फिरते, आणि ती परत देवळात जाऊन बसेपर्यंत गावचा माणूस दुसऱ्या कामाला हात लावत नाही. मुंबईची माणसं नोकरीवर लाथ मारून येतात, तिथं महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची काय कथा. हे मला कुणी सांगितलं नाही असं मी पुढं बरेच दिवस सांगत फिरलो. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्याकडं कॉम्प्युटर होता.

मेंटेनन्सच्या प्लॅनिंग विभागात मी नवा होतो. दुरुस्तीचा तक्ता मी असा रंगीत केला होता की लग्नपत्रिका वाटावी. वेल्डर हिरवे, फिटर निळे, नळ्या साफ करणारे पिवळे. तो तक्ता चांगला पंधरवडाभर कँटीनच्या वाटेवर भिंतीला लटकत होता. सगळे येता-जाता बघत होते आणि कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. नंतर कळलं, प्रत्येकाला वाटलं ही छपाईची चूक असणार. एवढा शिकलेला माणूस शिमग्यात बॉयलर कसा उघडेल?

मी उघडला. आग विझवली, बॉयलर थंड केला, झाकणं काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर उभा राहिलो. आत आला तो बिहारचा एक वेल्डर. बाकी मी होतो आणि वॉचमन होता. वॉचमननं विचारलं, "साहेब, दुपारच्या गाडीनं मी पण निघू ना?"

शेलार सर तेव्हा आमच्या कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात तिथल्या लोकांना शिकवायला गेले होते. सर म्हणजे आमच्या प्लॅनिंग विभागाचे प्रमुख. कोणतं यंत्र कधी थांबवायचं, कुणी खोलायचं, त्याआधी काय काय हाताशी हवं, हे नव्या माणसांना शिकवणं हे त्यांचं खरं काम. ते परत आले, उघड्या बॉयलरभोवती एक चक्कर मारली, आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

मला वाटलं, महाडच्या एसटी डेपोवर सोडतायत. सोलापूरच्या गाडीत बसवणार.

सरांनी मला मोटरसायकलवरून त्यांच्या गावी नेलं. पोलादपूर सोडून उमरठच्याही पुढं, डोंगराला चिकटलेली वाडी. एका अंगणात ढोल वाजत होते आणि गुलालात माखलेली माणसं पालखी खांद्यावर घेऊन नाचत होती. सर एकेकाकडं बोट दाखवू लागले. "तो पुढं आहे तो तुझा फिटर. मागचा उंच, तो वेल्डर. ढोलावर आहे तो बॉयलर चालवणारा. नीट बघून घे. तुझा सगळा तक्ता इथं नाचतोय."

तेवढ्यात पडवीतून एक बाई बाहेर आल्या. कमरेला पदर खोचलेला, हाताला पुरण लागलेलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरांना विचारलं, "हाच काय तो, पालखीला बॉयलर आडवा घालणारा?"

या काकी. सरांच्या पत्नी. मी मान खाली घातली, तर म्हणाल्या, "लाजतोस काय रे बॉयलरवाल्या? ये, पोळी खा. बॉयलर कुठं पळून जात नाय. तोच एक तर हाय तिथं कामावर." त्या दिवसापासून वाडीत मला नाव राहिलं नाही. लहानथोर सगळ्यांना मी बॉयलरवाला.

पालखी बसेपर्यंत बॉयलर तसाच आ वासून पडून राहिला. फॅक्टरी मॅनेजरनं आरडाओरडा केला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "तारीख मी बघायला हवी होती." माझी नोकरी वाचली. तो तक्ता मात्र सरांनी भिंतीवरून काढू दिला नाही. पुढच्या प्रत्येक नव्या माणसाला ते आधी त्याच्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "यात काय नाही?" मी शेजारच्या टेबलावर बसून फार कामात असल्यासारखा दिसायचो.

सर अंगानं किरकोळ होते. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी गुंडी लावलेली. कान मात्र अंगापेक्षा एक माप मोठे होते, आणि त्या कानांवर त्यांचा ताबा नव्हता. राग आला, लाज वाटली की चेहरा जागच्या जागी आणि कान लालभडक. खोटं तर त्यांना त्या कानांमुळं परवडतच नसे. एकदा माल घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस आले होते. कसलीतरी तपासणी आमच्याकडून वेळेवर झाली नव्हती. मॅनेजरनं सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही बोलू नका, नुसती मान हलवा." सरांनी मान हलवली. तपासनीस कागदावरून नजर उचलून म्हणाला, "आपली तब्येत बरी आहे ना? कान बघा कसे झालेत." मग सरांनी सगळं खरं सांगून टाकलं आणि दिवसभर फार हलकं वाटत असल्यासारखे हिंडले.

'अर्जंट' हा शब्द त्यांना चालायचा नाही. कुणी धावत येऊन म्हणालं, "सर, अर्जंट आहे," की ते विचारायचे, "आज अर्जंट झालं की काल विसरलात?" माणूस निम्म्या वाटेतून परत जायचा.

त्यांच्या वर्गाचा पहिला धडा चहा. नवा माणूस आला, इंजिनिअर असो की हेल्पर, त्याला प्लॅनिंगच्या खोलीतल्या शेगडीपाशी उभं करायचं आणि म्हणायचं, "सगळ्यांना चहा कर." मला वाटलं, माझी जागा दाखवून देतायत. ठसक्यात शेगडी पेटवली, आधण ठेवलं. मग कळलं दूध नाही. कँटीनला पळालो. आलो तर निम्मं पाणी आटलेलं. साखर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली स्टोअरच्या माणसाकडं, स्टोअरचा माणूस जेवायला. चहा उकळून काळा झाला तेव्हा ध्यानात आलं की गाळणी नाही. मी हातरुमालानं गाळला. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला. सर म्हणाले, "यातला चहा करायचा वेळ किती आणि वणवण किती? पंप उघडून ठेवून फिटर असाच गॅस्केट शोधत फिरतो. तोवर कारखाना आटतो. आधी मांडामांड, मग काडी ओढायची."

पुढं कितीतरी पंप मी मांडामांड करून उघडले. पण वर्गात कुणी चुकलं की सर माझ्याकडं बघून म्हणायचे, "असू दे. हे तर रुमालातून आलेत."

दोन गोष्टींत ते हट्टी होते. एक म्हणजे ठरलेली तारीख. एका मोठ्या पंपाच्या दुरुस्तीची तारीख आली आणि मॅनेजरनं सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू, सध्या माल काढायचाय. सरांनी वाद घातला नाही. खुर्ची उचलली आणि मॅनेजरच्या केबिनच्या दारात ठेवून बसले. मॅनेजर बाहेर आला की उठून नमस्कार करायचे आणि परत बसायचे. डबाही तिथंच खाल्ला. संध्याकाळी मॅनेजरनं हात जोडले, पंप थांबला. उघडून बघितला तर आतलं बेअरिंग चुरा व्हायच्या बेतात. सर कुणालाही "बघा, मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत. खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

दुसरा हट्ट रांगेचा. दुरुस्तीच्या कामांची रांग एकदा लागली की वशिल्यानं कुणाचं काम पुढं यायचं नाही. याच मॅनेजरचा एसी ऐन उन्हाळ्यात बंद पडला. त्यानं निरोप धाडला. सरांनी एसीचं काम जिथं बसत होतं तिथं बसवलं, कँटीनच्या पंख्यांच्या खाली. मॅनेजर दोन रुमाल घेऊन केबिनमध्ये बसायचा. "माझ्या केबिनचं आहे हो शेलार," तो म्हणाला. सर म्हणाले, "म्हणूनच. तुमचं पुढं घेतलं तर उद्या माझं घ्यावंसं वाटेल."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्यांच्याही राहिलं असावं. तिथंच सगळं अडलं.

काकींच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी होत गेल्या. कळलं तेव्हा उशीर झाला होता. सर एकदा मला म्हणाले होते, "यंत्र बिघडायच्या आधी खुणा देतं, हे मी आयुष्यभर शिकवलं. हिचे पाय सुजलेले मी वर्षभर बघत होतो. ही म्हणायची, उभी राहून सुजलेत." अशा वेळी मी विनोद करतो, तो सुचला नाही.

डायलिसिसची सोय महाडला होती. आठवड्यातून तीन-तीनदा डोंगरातून खाली येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून वाडीतलं घर शेजारच्या सुमनवहिनींवर सोपवून दोघं महाडला एका खोलीत येऊन राहिली. आठवड्यातले वार ठरले. सरांनी कारखान्यात आपली पाळी त्या वारांभोवती बसवून घेतली, आणि पहिल्याच दिवशी त्या सेंटरच्या मागच्या खोलीत जाऊन पाणी शुद्ध करायचं यंत्र बघून आले. डायलिसिसला पाणी फार लागतं आणि ते यंत्र थांबलं की सगळ्या खाटा थांबतात. स्नेहल नावाची तंत्रज्ञ मुलगी ते सांभाळायची. बंद पडलं की फोन करायचा आणि मेकॅनिक येईपर्यंत रोग्यांची बोलणी खायची, हीच तिची पद्धत होती. सरांनी तिला शिकवायला घेतलं. गाळण्या तुंबायच्या आधी कधी बदलायच्या, कोणते भाग आणून ठेवायचे, पंपाचा आवाज बदलला तर काय बघायचं.

काकी खाटेवरून मला म्हणाल्या, "बघ रे, माझ्या हाताला सुया टोचायच्या सोडून पोरीला चहा करायला लावलंन ह्यांनी."

"मग? जमला का?"

"तुझ्यापेक्षा बरा. तिनं गाळणी आधी मागितलीन."

मी महाडलाच राहायचो, त्यामुळं बऱ्याच वेळा खाटेशेजारच्या स्टुलावर मी असायचो. काकींना मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती आणि बोलायची मात्र भरपूर. सरांच्या नकला करायच्या, वाडीतल्या बायकांच्या भानगडी सांगायच्या. मी माझे घोटाळे सांगायचो. त्यांना नवा घोटाळा लागायचा, जुना सांगितला की म्हणायच्या, "हा झाला रे. आठवडाभर काय नोकरीत झोपलावतास?" त्यांच्यासाठी दोन-तीन मी बनवूनही सांगितले.

माघ संपता संपता एके दिवशी त्यांनी घोटाळा मागितला नाही. सरांना म्हणाल्या, "ह्या वर्षी पालखी आपल्या दारात येल तेव्हा मला घरी असायचंय."

सर म्हणाले, "बघू."

"बघू नका. लावा तुमच्या तक्त्यात."

सरांनी हिशेब केला. पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी हे पौर्णिमेवरून ठरलेलं. वार मात्र दर वर्षी बदलतो. त्या वर्षी शेलारांच्या दारातला दिवस नेमका डायलिसिसच्या वारावर येत होता, तोही सकाळचा. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकही पाळी चुकवायची नाही, अंगात ताकद उरलेली नाही. पाळी बदलायची तर दुसऱ्या रोग्याला उठवावं लागणार. सर ते बोललेसुद्धा नाहीत. उरला एकच उपाय. पालखी त्यांच्या वाडीत एक दिवस आधी यायला हवी. एक दिवस आधी आली असती तर काकी आदल्या पाळीनंतर वर जाऊन, ओटी भरून, दुसऱ्या सकाळी परत येऊ शकल्या असत्या.

"दाजींशी बोला ना सर," मी म्हणालो. दाजी म्हणजे गावचे मानकरी. पालखीचा क्रम त्यांच्या हाती.

"नाही," सर म्हणाले.

"अहो पण..."

"प्रत्येक घरात काहीतरी असतं." आणि विषय संपला.

त्यांचा संपला. मी कोण? मी त्याच रविवारी मोटरसायकल काढून वर गेलो. मोकळ्या हातानं कसा जाणार, म्हणून तक्ता करून नेला. रंगीत.

देवळात शिमग्याची बैठक बसली होती. मी दाजींसमोर कागद पसरला आणि समजावून सांगू लागलो. दाजींनी चष्मा लावला.

"हा हिरवा कोन?"

"शेलार सरांची वाडी. ती इकडं घेतली की ही निळी घरं तिकडं सरकतात आणि बाकी कुणाचं काही बिघडत नाही."

"आन ही गुलाबी?"

"ती..." मी थांबलो. "ती पालखी."

मागून कुणीतरी म्हणालं, "देवी गुलाबी केलीन रे ह्यानं!" अख्खं देऊळ हसलं. दाजी हसले नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी करून मला परत दिली.

"तुम्ही तेच ना, बॉयलरवाले?"

"हो."

"क्रम माझा नाय, देवीचा हाय. बदलायचा तर तिला विचारावा लागतो, कौल लावावा लागतो. गुरव देवीला फूल लावील, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. पण कौल मागायला घरचा माणूस लागतो. तुम्ही कोन? शेलाराला तोंड नाय?"

मी खाली आलो आणि खोलीवर जाऊन सगळं सांगितलं. सरांचे कान पेटले. "तुला कुणी सांगितलं होतं जायला?" इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मी बूट घालू लागलो.

तेव्हा काकी खाटेवरून हळू म्हणाल्या, "अहो, पंपासाठी मॅनेजरच्या दारात खुर्ची टाकून बसलावतात. माझ्यासाठी देवीच्या दारात एकदा जायला काय झालं?"

सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वर गेले. मी रजा टाकून काकींजवळ बसलो. दोघांचं सगळं लक्ष दाराकडं. काकींनी मला ट्रंकेतून हिरवी साडी काढायला लावली, उन्हात धरायला लावली, परत घडी घालायला लावली. "ही नेसीन," म्हणाल्या.

दुपारी सर आले. चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "कौल लावला. डावा पडला."

काकी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. देवीची मर्जी. हातपाय धुवा, उन्हातून आलात." आणि मला साडी ट्रंकेत ठेवायची खूण केली.

पालखी त्यांच्या दारात होती त्या सकाळी आम्ही सेंटरमध्ये होतो. काकींच्या हाताला नळ्या, यंत्राचा तो सारखा बारीक आवाज. सर थोडा वेळ उभे राहिले, आणि मग पंप बघून येतो म्हणून मागच्या खोलीत गेले. पंपाला काही झालं नव्हतं.

ते गेल्याबरोबर काकींनी मला जवळ बोलावलं.

"कौल लावलाच नाय ह्यांनी."

"काय सांगता काकी!"

"कान बघितलास ना? असे लाल मी लग्नात पण नव्हते बघितले." त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. "गेले, बसले, आन तोंड उघडलं नाय. मी ओळखते ना माझ्या मानसाला."

मला राग आला. सरांचा. मी उठायला लागलो, तर त्यांनी मोकळ्या हातानं माझी बाही धरली.

"सांगायचं नाय हां त्यांना, की मला कळलं. साऱ्या जिंदगीत एकदाच खोटं बोललेत. तेवढं तरी नीट जाऊ दे त्यांचं. शपथ घे."

मी शपथ घेतली. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. "आता दारात आली असेल बघ," असं मध्येच म्हणाल्या. "सुमन भरील ओटी. तांदूळ कमी घेते ती, नेहमीचंच."

पावसाळ्यात काकी गेल्या. यंत्र चालू होतं, पाणी चालू होतं, स्नेहलनं गाळण्या वेळेवर बदललेल्या होत्या. कशात काही चूक नव्हती. सर हे मला दोनदा म्हणाले, कशात काही चूक नव्हती.

तेराव्याला वाडीत गेलो तेव्हा पडवीत दाजी शेजारी येऊन बसले. बराच वेळ सुपारी कातरत होते. मग आपणहून बोलले, "आलावता शेलार त्या दिवशी. कौलाचं विचारायलाच आला असनार. पन त्याच्या आधी खालच्या वाडीची एक म्हातारी येऊन बसलीवती. तिचा पोरगा मुंबईला, एका दिवसाची रजा. पालखी माझ्याकडं आधी आना म्हनून पाया पडत होती. कौल लावला. डावा पडला. म्हातारी रडत उठली. शेलार हे सगळं बघत बसलावता. मी इचारलं, तुझं काय रे? तर बोलला, काय नाय, पाया पडायला आलोवतो. आन गेला."

"तुम्हाला माहीत होतं ना दाजी, काकींचं?"

"होतं की. त्यानं तोंड उघडायची वाट बघत होतो." दाजींनी सुपारीचा चुरा माझ्या तळहातावर ठेवला. "तोंड उघडलं असतं तर कौल लावला असता. उजवा पडला असता की डावा, ते देवीला ठावं."

ते ऐकल्यावर सरांवरचा माझा राग गेला, आणि जाताना बरोबर काही घेऊन गेला नाही. शपथ माझ्याकडंच राहिली.

पुढं सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, माझा तो जुना तक्ता मागून घेतला. वाडीत राहायला गेले, पण काकींचे जे वार होते त्या दिवशी एसटीनं महाडला यायचे, सेंटरच्या मागच्या खोलीत जाऊन पंपाला हात लावून बघायचे, स्नेहलला दोन गोष्टी विचारायचे आणि परत जायचे. समोर काकींच्या खाटेवर दुसरंच कुणीतरी असायचं. एकदा मी दाराशी उभा राहून बघितलं. सर त्या अनोळखी म्हातारबांची चादर पायाशी नीट करत होते.

शिमगा आला. या खेपेला माझी रजा बरोबर लागली होती. कारखान्यात मीच ती आधी फळ्यावर लिहिली, नव्या पोरांना शिमगा शिकवायचं काम आता माझ्याकडं आहे. मी आदल्या दिवशीच वर गेलो.

सकाळी सरांनी पडवीत पाट मांडला होता. पाटावर ताट. ताटात नारळ, खण, हळद, कुंकू, सुपारी, विडा, कापूर. तांदूळ भरपूर घेतले होते. काडेपेट्या दोन होत्या. एक सादळलेली निघाली तर म्हणून. बाजूला ती हिरवी साडी, घडीची. सर एकेका वस्तूला बोटानं स्पर्श करत होते, जसे पंप उघडायच्या आधी करायचे. आयुष्यात मी इतकी पुरी मांडामांड बघितली नाही. मग त्यांचं बोट ताटाच्या कडेला येऊन थांबलं. ओटी भरायला हात नव्हते.

"सुमनला हाक मार," ते म्हणाले. मी मारली. सुमनवहिनी येते म्हणाल्या.

खालच्या उतारावर ढोल ऐकू येऊ लागले. सर तिकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मी पंपाकडं गेलो होतो, तेव्हा ती तुझ्याशी काहीतरी बोलत होती. काय म्हणत होती रे?"

मी वर्षभर या प्रश्नाची तयारी केली होती. उत्तर पाठ होतं. ते फाडकन दिलं.

"काही नाही सर. त्यांना काही कळलं नव्हतं."

ढोल जवळ आले.

"काय कळलं नव्हतं?" सरांनी विचारलं.

माझ्या तोंडाला कुलूप लागलं आणि किल्ली नेहमीप्रमाणं जेवायला गेली.

सर माझ्याकडं बघतच राहिले. मग अंगण गुलालानं भरून गेलं. पालखी दारात आली. सुमनवहिनींनी ताट उचललं, ओटी भरली, हिरवी साडी देवीला वाहिली. माणसं बाजूला झाली आणि कुणीतरी सरांना पुढं ओढलं. त्यांनी पालखीचा दांडा खांद्यावर घेतला. नाचता येत नव्हतं. नुसतेच जागच्या जागी पाय उचलत राहिले, डोळे मिटून, ढोल चुकवत. कान लालभडक. गुलालानं असतील.

दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पालखी पुढच्या घराकडं उतरू लागली होती.

"म्हणजे शेवटपर्यंत माहीत होतं तिला."

"हो सर."

"आणि मला सांगू नको म्हणाली."

"शपथ घातली होती."

सरांनी मनगटाची गुंडी सोडली, बाहीनं तोंड पुसलं, परत गुंडी लावली. पालखी वळणाआड जाईपर्यंत ते बघत होते.

"सगळं बरोबर केलंन तिनं," ते म्हणाले. "माणूस तेवढा चुकीचा निवडलान."